परदेशी सेवेला निघताना आधी तब्येत

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली सेवेसाठी चीनला गेले आणि १९४२ मध्ये, ३२व्या वर्षी, आजाराने तिथेच वारले. सेवा करणाऱ्यालाही आजार गाठतो, हे आपण विसरतो.

आपल्या वस्तीतील मुलगा-मुलगी आफ्रिकेत सेवेला निघणार असेल तर दोन महिने आधी तयारीला लागू या. डहाणूच्या उपजिल्हा किंवा तलासरीच्या ग्रामीण रुग्णालयात सिकलसेल तपासणीची चौकशी करावी. आपल्या भागात हा आजार आढळतो आणि सिकलसेलच्या रुग्णाला मलेरिया जिवावर बेतू शकतो.

यलो फिव्हरची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी, मुंबईतील मान्यताप्राप्त केंद्रातच घ्यावी. तिचा दाखला जन्मभर चालतो. तो नसेल तर त्या देशांतून परतल्यावर ६ दिवसांपर्यंत वेगळे ठेवतात. नेहमीच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह सोबत द्याव्यात.