बोलेरोला मोठे टायर बसवावेत का? नेरच्या काळ्या मातीतला हिशेब

नेर : जूनमध्ये दोन-तीन जोरदार पाऊस झाले की नेर तालुक्यातील पांदण रस्त्यांवर गाड्या फसू लागतात. खत-बियाणे तर शेतात पोहोचवायचेच असते आणि ट्रॅक्टर दर वेळी मोकळा मिळत नाही. मग टायर बदलायची वेळ आलीच आहे तर एक साइज मोठाच टाकू, असा विचार बोलेरो, जिम्नी किंवा थारच्या मालकाच्या मनात येतो. पाच टायरचा खर्च मोठा असतो. शिवाय साइज बदलली की मीटर, ब्रेक आणि विमा या तिन्हींवर परिणाम होतो. त्यामुळे दुकानात जाण्याआधी टायरवरचा आकडा समजून घेतलेला बरा.

बोलेरोच्या टायरवर २१५/७५ आर१५ असे लिहिलेले असते. २१५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ७५ टक्के. १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. हिशेब केला तर टायरची पूर्ण उंची ७०३.५ मिलिमीटर येते. मोठा म्हणून सहसा मागितला जातो तो २३५/७५ आर१५. त्याची उंची ७३३.५ मिलिमीटर. फरक ३० मिलिमीटरचा, पण गाडी उचलली जाते फक्त १५ मिलिमीटर, कारण वाढलेल्या उंचीचा निम्मा भाग एक्सलच्या वर जातो. एवढा खर्च करून मिळाला दीड सेंटीमीटर!

तरीही हा दीड सेंटीमीटर अगदीच वाया जात नाही. स्प्रिंगखाली ठोकळे टाकून गाडी उंच केली तरी मागच्या एक्सलचा गोळा, म्हणजे डिफरन्शियल, आहे तिथेच राहतो. तो जमिनीपासून वर उचलायचा तर टायरच मोठा लागतो. पांदणीत ट्रॅक्टरने पाडलेल्या खोल चाकोऱ्यांमध्ये आधी टेकतो तो हाच गोळा. पण चाकोरी फूटभर खोल असेल तर १५ मिलिमीटरने काही सुटका होत नाही.

मीटर खोटे बोलू लागते

टायर मोठा झाला की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते, पण मीटर जुन्याच टायरचा हिशेब धरून चालतो. वरच्या बदलात फरक ४.३ टक्के पडतो. काटा ८० वर असताना गाडी प्रत्यक्षात ८३ च्या पुढे असू शकते. भाड्याने गाडी चालवणाऱ्याला हे जास्त झोंबेल. प्रत्यक्ष हजार किलोमीटर चालले तरी मीटरवर सुमारे ९५९ च दिसतात, म्हणजे ४१ किलोमीटरचे भाडे बुडाले. ॲव्हरेजही कमी दिसते, आणि त्यात काही भाग खरा, काही भाग मीटरचा असतो.

मूळ टायरच्या उंचीपेक्षा तीन टक्क्यांहून जास्त फरक नको, असा ठोकताळा जगभर वापरला जातो. बोलेरोवर २३५/७५ हा त्याच्या बाहेर जातो. जिम्नीचे गणित वेगळे आहे. तिचा मूळ टायर १९५/८० आर१५, उंची ६९३ मिलिमीटर. त्यावर बोलेरोचाच २१५/७५ आर१५ बसवला तर फरक जेमतेम दीड टक्का. तिच्यासाठी ही एक पायरी बेताची आहे. मात्र २३५/७५ टाकला तर फरक पावणेसहा टक्क्यांच्या पुढे जातो. जिम्नीच्या पेट्रोल इंजिनची ओढ १३४ न्यूटन मीटर आणि तीही वरच्या फेऱ्यांत मिळते. बोलेरोचे डिझेल इंजिन कमी फेऱ्यांतच २१० देते. त्यामुळे जड टायरचा भार जिम्नीला लवकर जाणवतो आणि चढावर गिअर उतरवावा लागतो. ब्रेकचेही तसेच. चाक जड आणि मोठे झाले की थांबवायला जास्त जोर लागतो, भरलेल्या गाडीत तर नक्कीच.

काळ्या मातीला रुंदी नको, नक्षी हवी

नेरकडची काळी माती ओली झाली की फुगते आणि टायरला लपेटते. नक्षीच्या खाचा भरल्या की टायर गुळगुळीत होतो आणि जागेवर फिरत राहतो. तेव्हा तो रुंद असून काही उपयोग नसतो, खाचा मोकळ्या होणे महत्त्वाचे. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवरचे तिरपे उंच दात चिखल बाहेर फेकतात, ते याचसाठी. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचे टायर जेमतेम सहा इंच रुंद होते आणि त्यावर ती चिखलातून निघत होती.

बाजारात तीन प्रकार मिळतात. एचटी हा डांबरी रस्त्याचा, एटी दोन्हीकडचा आणि एमटी खास चिखलाचा. एमटीच्या खाचा मोठ्या असल्याने तो माती सहज झटकतो. पण डांबरावर तो आवाज करतो, लवकर झिजतो आणि पावसात ओल्या रस्त्यावर ब्रेक उशिरा लागतो. आठवड्यातले पाच दिवस यवतमाळ किंवा अमरावतीच्या रस्त्यावर धावणाऱ्या गाडीला तो परवडणारा नाही. अशा गाडीला मूळ साइजमधलाच एटी टायर पुरतो. अनेकदा गाडी फसते ती झिजलेल्या टायरमुळे, आणि दोष दिला जातो साइजला. शिवाय बोलेरोत ओढ फक्त मागच्या चाकांना असते. चारही चाके ओढणाऱ्या जिम्नी-थारची बरोबरी टायर बदलून होत नाही.

एक फुकटचा उपायही आहे. चिखलात शिरण्याआधी हवा २० पीएसआयच्या आसपास आणली की टायर पसरतो आणि पकड वाढते. वेग अगदी कमी ठेवायचा, झटक्याने वळायचे नाही, नाहीतर ट्यूबलेस टायर रिमवरून उतरतो. गाडी भरलेली असेल तर हवा इतकी उतरवू नये. डांबरी रस्ता लागण्याआधी पुन्हा हवा भरायची. गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा पंप एका टायरपेक्षा स्वस्त मिळतो.

कागदपत्रांचे काय?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात हेच स्पष्ट केले. मालवाहू पिकअपच्या नोंदणीत तर टायरची साइजही लिहिलेली असते. अपघात झाल्यास विमा कंपनी न कळवलेल्या बदलावर बोट ठेवून दावा अडवू शकते. कंपनी त्याच मॉडेलच्या दुसऱ्या प्रकारात जी साइज देते ती घेणे सुरक्षित. शंका असेल तर यवतमाळच्या आरटीओत आणि विमा कंपनीकडे आधी विचारावे.

बदल करायचाच ठरला तर पाचही टायर एकाच साइजचे घ्यावेत. मोठी स्टेपनी मागच्या दारावर टांगली तर बिजागऱ्यांवर भार वाढतो, तेही पाहावे. भार निर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी नको. १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो. बाजूला चार अंकांत बनावटीचा आठवडा आणि वर्ष असते, २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. पैसे देण्याआधी पुढे दोन टायर चढवून, गाडीत माणसे बसवून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहावे. टायर मडगार्डला घासत असेल तर तो तिथेच उतरवून परत द्यावा.