एका वादळातल्या तीन लाख कोयना

कोयना धरण तुडुंब भरलं की त्यात 105 टीएमसी पाणी मावतं. अशी सात धरणं एका दिवसात आभाळातून उपडी केली तर जेवढं पाणी पडेल, तेवढा पाऊस सरासरी आकाराचं चक्रीवादळ ऐन भरात असताना चोवीस तासांत पाडतं.

हे पाणी वर चढतं ते समुद्राची वाफ होऊन. वाफेचं पुन्हा पाणी होताना जी उष्णता सुटते, ती वादळाचं इंधन. तिचा हिशेब 60 हजार कोटी किलोवॅटवर जातो. कोयनेचा वीजप्रकल्प 1,960 मेगावॅटचा. असे तीन लाख प्रकल्प एकाच वेळी पूर्ण ताकदीनं चालावेत, तशी ही गोष्ट. जगभरच्या वीजनिर्मितीच्या ही सुमारे 200 पट. वाऱ्याच्या वाट्याला यातला जेमतेम चारशेवा हिस्सा येतो. घरांचे पत्रे उडतात, माडाच्या बागा आडव्या होतात, त्या या चिल्लरीतून!

ही शक्ती अडवणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. वादळ कुठे आणि कधी धडकणार ते ओळखून वाटेतल्यांना हलवणं, एवढंच त्याच्या हाती. तेही एकट्या देशाला जमत नाही. वादळाला बळ पुरवणारी समुद्राच्या पोटातली उष्णता मोजायला अनेक देशांनी मिळून सुमारे चार हजार आर्गो तरंगक सोडले आहेत. ते दर दहा दिवसांनी 2,000 मीटर खोलवरून वर येतात आणि उपग्रहाला आकडे कळवतात.

12 नोव्हेंबर 1970 च्या रात्री तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात भोला चक्रीवादळानं किमान तीन लाख बळी घेतले. त्यानंतर 1972 मध्ये बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्राभोवतीच्या देशांचं एक मंडळ उभं राहिलं. आज त्यात 13 देश आहेत. भारत आणि पाकिस्तान, इराण आणि सौदी अरेबिया तिथे एकत्र बसतात. दिल्लीच्या हवामान केंद्रातून सर्वांना सल्ला जातो. वादळांची बारशीही आधीच उरकलेली: प्रत्येक देशाची 13 नावं, एकूण 169.

सप्टेंबर 2021 चं वादळ घ्या. पाकिस्ताननं सुचवलेलं 'गुलाब' हे नाव घेऊन ते 26 तारखेला आंध्रच्या किनाऱ्यावर धडकलं. जमिनीवर त्याचा जोर ओसरला, तरी उरलेल्या पावसानं मराठवाड्याला झोडपलं. मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले. पुढे अरबी समुद्रात उतरताच त्याला पुन्हा बळ आलं आणि कतारनं दिलेलं 'शाहीन' हे नवं नाव मिळालं. 3 ऑक्टोबरला ते ओमानला भिडलं. एक वादळ, दोन नावं, दोन समुद्र!

मे 2020 मध्ये, भोलासारखंच, बंगालच्या उपसागराच्या उत्तर टोकाशी 'अम्फान' आलं. समुद्रावर असताना ते महाचक्रीवादळ होतं. भारत आणि बांगलादेशानं लाखो माणसं आधीच हलवली होती. मृत्यू सव्वाशेच्या आसपास झाले.