नदी वाहते, पण कोठे?

काही बोलपट कथेपेक्षा एखाद्या दृश्यामुळे मनात राहतात. फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रेन्वार यांचा ‘द रिव्हर’ हा त्यांपैकी एक. बंगालमध्ये हुगळीच्या तीरावर तो चित्रित झाला व १९५१ साली पडद्यावर आला. मूळ कादंबरी रूमर गॉडन यांची, १९४६ सालची. या लेखिकेचे बालपण नारायणगंज येथे नदीकाठीच गेले होते.

कथानक अल्प आहे. तागाच्या गिरणीच्या इंग्रज व्यवस्थापकाचे कुटुंब नदीकाठी राहते. मालाने लादलेल्या नावा येतात-जातात, घाटावर स्नाने होतात, दिवाळीच्या पणत्या लागतात. या संथ प्रवाहातच घाला पडतो. सारे घर दुपारी निद्राधीन असता धाकटा बोगी गारुड्याप्रमाणे नागाला डोलवू पाहतो आणि सर्पदंशाने मरतो. बागेत नाग आहे, हे त्याची बहीण हॅरिएट हिला ठाऊक होते. परंतु ती कोणास बोलली नव्हती. तो अपराध तिला सोसवत नाही. रात्री ती एकटीच होडीतून नदीच्या प्रवाहात जाते. सुदैवाने ती वाचते. पुढे त्याच घरी एक कन्या जन्मास येते, आणि नदी पूर्ववत वाहत राहते.

जीवन थांबत नाही, हे नदीचे सांगणे खरे आहे. परंतु ज्या मातेने आपले लेकरू मातीआड केले, तिला एवढ्याने सांत्वन लाभेल काय? नवे बाळ आले म्हणून गेलेल्याची जागा भरत नाही. अशा शोकाकुल घरी बसण्याचे प्रसंग आम्हांवर आले आहेत. तेथे ‘जग असेच चालते’ हे शब्द आमच्या ओठांवर आले नाहीत.

आपल्या श्रद्धेतील नदी केवळ वाहत नाही, ती कोठेतरी पोहोचते. प्रभू येशूने यार्देन नदीत बाप्तिस्मा घेतला, आणि प्रकटीकरणाच्या अखेरच्या अध्यायात जीवनाच्या पाण्याची नदी देवाच्या सिंहासनापासून निघते. त्या दोन तीरांमध्ये आपले एकही लेकरू हरवत नाही.

मातापित्यांनो, हॅरिएटचे मौनही विसरू नका. मूल भीतीपोटी एखादी गोष्ट लपवीत असेल, तर रागावण्यापूर्वी त्यास जवळ घ्या. आणि ज्याच्या हातून चूक घडून गेली आहे, त्यास त्या रात्रीच्या होडीत एकटे सोडू नका.