जीपचा मऊ ब्रेक

१९४१ सालच्या विलीज जीपचे चारही ब्रेक तेलाच्या दाबानें चालत. तेल दाबानें आकसत नाहीं, हवा आकसते. म्हणून नळींत हवा शिरली कीं पायाचा जोर तिच्यांतच जिरतो व पेडल मऊ लागतें.

वारंवार दाबल्यानें पेडल घट्ट झालें, तर हवा शिरली आहे किंवा ब्रेकशू व ड्रम यांतील अंतर वाढलें आहे. दाबून धरलेलें पेडल हळूहळू खालीं बसलें, तर गळती अथवा मुख्य सिलिंडरांतील रबरी वाटीची झीज समजावी.

ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषतें. घाट उतरतांना त्याची वाफ झाली कीं ऐन उतारावर पेडल तळाला टेकतें. तेव्हां आधीं गळती थांबवावी, मग तेल बदलून हवा काढावी. तोंवर गाडी बाहेर काढूं नये.