बरोबर असूनही हरलेली सारा

गेल्या हिवाळ्यात इशाची नमाज झाली, दस्तरखान आवरले, की आम्ही घरचे सारे एका जुन्या इंग्रजी मालिकेसमोर बसत असू. बीबीसीची 'द फर्स्ट चर्चिल्स', १९६९ साली आलेली, बारा भागांची. थोरल्या मुलीने ती कॉलेजच्या अभ्यासासाठी मिळवली होती. अडले की ती मालिका थांबवून कोण कोणाचे कोण ते समजावून सांगे. आम्ही बसलो होतो दरबारातले रेशमी झगे आणि केसांचे टोप पाहायला. उठलो ते आमच्याच घरातल्या एका गोष्टीचा विचार करत.

ही कथा जॉन चर्चिल आणि त्याची पत्नी सारा यांची. पुढे हेच दोघे मार्लबरोचे ड्यूक आणि डचेस झाले. ब्रिटनचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल हे त्यांचे वंशज, आणि त्यांनी लिहिलेले या पूर्वजाचे चरित्र हाच मालिकेचा आधार. जॉनच्या भूमिकेत जॉन नेव्हिल आहेत, साराच्या भूमिकेत सुझन हॅम्पशायर. या भूमिकेसाठी त्यांना अमेरिकेतला एमी पुरस्कार मिळाला.

जॉन बेताच्या ऐपतीचा लष्करी अधिकारी. वडिलांना श्रीमंत सून हवी होती. त्याने मात्र १६७७-७८ च्या हिवाळ्यात दरबारात वाढलेल्या साराशी गुपचूप लग्न केले. हा संसार जॉनच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे ४० हून अधिक वर्षे टिकला. १३ ऑगस्ट १७०४ रोजी ब्लेनहाइमला त्याने फ्रेंच आणि बव्हेरियन फौजांचा मोठा पराभव केला. त्या विजयाची पहिली खबर त्याने खाणावळीच्या बिलाच्या पाठीवर घाईघाईत खरडली आणि ती चिठ्ठी पाठवली साराला. राणीला माझा सलाम कळव, असा निरोप देऊन.

निरोप साराकरवी, कारण राणी अ‍ॅन ही साराची लहानपणापासूनची मैत्रीण. आपसात दर्जाचा फरक राहू नये म्हणून दोघींनी टोपणनावे घेतली होती: अ‍ॅन ती मिसेस मॉर्ली, सारा ती मिसेस फ्रीमन. १६९२ मध्ये जॉनवर राजाची मर्जी खप्पा झाली, तेव्हा अ‍ॅनची सख्खी बहीण राणी मेरी हिने साराला काढून टाकण्याचा हुकूम केला. अ‍ॅनने राजवाडा सोडला, पण मैत्रीण सोडली नाही. त्याच वर्षी जॉनला काही आठवडे लंडनच्या टॉवरमध्ये कैदही भोगावी लागली. दोघी बहिणींचा समेट मेरीच्या मृत्यूपर्यंत झाला नाही.

१७०२ मध्ये अ‍ॅन गादीवर आली. सारा तिच्या खासगी खजिन्याची आणि महालाची कारभारीण झाली. इथूनच गाठ सुटू लागली. अ‍ॅनचा कल टोरी पक्षाकडे, साराचा व्हिग पक्षाकडे. सारा पत्रांतून, भेटींतून राणीला तिच्या चुका ऐकवत राहिली. मार्गरेट टायझॅक यांनी अ‍ॅन फार सुंदर उभी केली आहे: आजारी, मुलांच्या मृत्यूंनी खचलेली, कमी बोलणारी, पण एकदा दुखावली की न विसरणारी. सारानेच दरबारात नोकरीला लावलेली तिची गरीब नातलग अ‍ॅबिगेल हळूहळू राणीच्या जवळ गेली. तिच्या आडून रॉबर्ट हार्ली हा राजकारणी राणीपर्यंत पोहोचतो, हा साराचा संशय खराच होता.

पण १७०८ मध्ये जॉनच्याच एका विजयाचे आभार मानायला सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये जाताना दागिन्यांवरून दोघींची बाचाबाची झाली, आणि साराने भर लोकांत राणीला गप्प राहायला सांगितले. एप्रिल १७१० मध्ये दोघी शेवटच्या भेटल्या. सारा रडत आपली बाजू मांडत होती. राणी पुन्हा पुन्हा एवढेच म्हणत होती की जे सांगायचे ते लिहून पाठव. १७११ च्या सुरुवातीला साराची पदे गेली, वर्षअखेर जॉनचे सेनापतिपद गेले. १७१४ मध्ये अ‍ॅन वारली.

पुढे १७४२ मध्ये, वयाची ऐंशी उलटल्यावर, आपण दरबारात कसे वागलो याचा खुलासा साराने पुस्तकरूपाने छापला. आपलेच कसे बरोबर होते, हे ती जगाला सांगत होती. जिला ते पटायला हवे होते, ती जाऊन २८ वर्षे झाली होती.

मुलीने हे सांगितले तेव्हा घरात कोणी काही बोलले नाही. आमच्या मोठ्या आपांशी आमचे तीन वर्षे बोलणे बंद होते. त्यांनी कर्ज काढून मुलाचे लग्न थाटात केले. एवढा खर्च करू नका, असे आम्ही म्हणालो होतो. ते बरोबरच होते. पण म्हणालो ते पाहुण्यांनी भरलेल्या घरात, व्याह्यांच्या देखत. त्यानंतर ईदला ना त्यांच्याकडून शीरखुर्म्याचा डबा आला, ना आमच्याकडून गेला. आपण चुकीचे काय बोललो, असे आम्ही तीन वर्षे एकमेकांना विचारत होतो. कसे बोललो आणि कोणासमोर बोललो, हे एकदाही विचारले नाही.

"खालाजानकडे जायचं का?" धाकट्याने विचारले.

रविवारी गेलो. दार आपांनीच उघडले. क्षणभर उभ्या राहिल्या, मग आत वळून सुनेला म्हणाल्या, "चहा ठेव, साखर कमी टाक, यांना चालत नाही." कर्ज अजून फिटायचे आहे. तो विषय आम्ही काढला नाही. चुकलो म्हणालो, त्यांनी हात धरला.

वाचक भगिनी-बंधूंनो, नात्यातल्या माणसाला खरे सांगावे लागते. पण ते एकट्याला गाठून, हळू आवाजात सांगावे. आणि ऐकले नाही, तरी आपले येणेजाणे थांबवू नये. साराला हे साधले नाही. आम्हालाही तीन वर्षे साधले नव्हते.