काकांच्या जीपचे काळीज

आमच्या काकांची जीप सुरू करायची तर अजूनही मनातल्या मनात पंचवीस आकडे मोजावे लागतात. हा मंत्रतंत्र नव्हे. पण त्याची हकीकत सांगायची तर वाचकांना माझ्याबरोबर जरा मागे, १९८४ सालच्या श्रावणात यावे लागेल.

काका डॉक्टर. पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात त्यांचा दवाखाना. वाड्यावस्त्या डोंगरात, रस्ते नावाचे. अशा ठिकाणी जीपवाचून दुसरे वाहन ते कोणते? युद्धाच्या काळात अमेरिकेत जन्मलेली ही गाडी स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांत मुंबईला माझगावात जुळू लागली आणि बघता बघता आमच्या खेड्यापाड्यांची झाली. काकांची जीप त्यानंतरची, उंच बॉनेटची. तिच्या पेट्रोल इंजिनाच्या काही झडपा माथ्यावर नेल्यामुळे ते उंच झाले, आणि त्याला सामावून घ्यायला बॉनेटही उंच करावे लागले. एवढ्या कारणाने त्या गाडीला कायमचा अवघडल्यासारखा चेहरा आला!

तर श्रावणातली रात्र. एका वाडीवर बाळंतीण अडली होती. काका तिला आणि तिच्या सासूला जीपमध्ये घालून दवाखान्याकडे निघाले. वाटेत ओढा. पाणी गुडघाभरच, पण इंजिनाच्या पंख्याने ते उडवले आणि भर ओढ्यात जीप बंद पडली.

पेट्रोलचे इंजिन ठिणगीवर जगते. कॉईलमधून निघालेली वीज डिस्ट्रिब्युटरच्या टोपणातून वाटली जाते आणि तारांवाटे प्लगांपर्यंत पोचते. त्या टोपणात पाणी शिरले की वीज भलत्याच वाटेने पळते आणि ठिणगी पडत नाही. काकांनी रुमालाने टोपण पुसले, मग सदऱ्याने पुसले. वरून पाऊस चालूच. शेवटी चौघा गड्यांनी घोंगडीची झोळी करून बाईला पलीकडे नेले. बाई वाचली. मूल वाचले नाही.

जीप चालती तर ते वाचले असते असे काका कधी म्हणाले नाहीत. नसते वाचले असेही म्हणाले नाहीत. मात्र पुढच्या वर्षी दिवाळी उरकताच ते जीप घेऊन कराडला मिस्त्रींच्या गॅरेजात गेले आणि म्हणाले, "मिस्त्री, हिला डिझेलवर करायची."

आता डिझेलचे तंत्र निराळे. तिथे ठिणगीच नाही. सिलिंडरमधली हवा दाबून दाबून तिच्या मूळ जागेच्या साधारण बाविसाव्या हिश्श्यात कोंबायची; ती इतकी तापते की आत डिझेलचा फवारा सोडला की आपोआप पेटतो. टोपण नाही, कॉईल नाही, भिजायला काही नाही. शिवाय त्या काळी डिझेल पेट्रोलच्या जवळजवळ निम्म्या भावात मिळे. त्यामुळे १९७३ सालच्या तेलटंचाईनंतर कित्येकांनी जीपमध्ये मिळेल ते डिझेल इंजिन कोंबले होते.

काकांनी आधी विहिरीवरच्या पंपाच्या इंजिनाची गोष्ट काढली. स्वस्त आणि दणकट! मिस्त्रींनी खडूने फरशीवरच हिशेब मांडला. ते इंजिन मिनिटाला दीड हजार फेरे घेणार. मागच्या धुरीत सव्वापाच-साडेपाच फेऱ्यांना चाकाचा एक फेरा. म्हणजे टॉप गिअरमध्येसुद्धा वेग तासाला चाळीस किलोमीटरच्या आतच. "डॉक्टरसाहेब, पेशंट चालत म्होरं जाईल की!"

अखेर उलटलेल्या एका नव्या जीपचे इंजिन मिळाले. प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या रचनेचे हे इंजिन महिंद्रांनी त्याच सुमारास आपल्या जीपमध्ये घालायला घेतले होते. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर, एकूण २११२ सीसी. ते साडेचार हजार फेऱ्यांपर्यंत पळते, म्हणजे वेगाची चिंता मिटली. आणि कारखान्याने ते जीपच्याच गिअरबॉक्सला जोडलेले असल्याने मधले क्लचचे घरही इंजिनाबरोबर आयते आले.

काकांना वाटले, झाले काम. मिस्त्री हसले. "इंजिन बसवायला एक दिस लागतोय, डॉक्टरसाहेब. त्याच्या भवतालचं बसवायला म्हैना."

महिना कसला, दीड महिना गेला. इंजिन साखळीला टांगून मिस्त्रींनी आठ दिवस नुसते आतबाहेर केले. खाली नेले तर खड्ड्यात पुढचा आस उसळून तेलाच्या टाकीला धडकणार. पुढे नेले तर पंखा रेडिएटर खाणार. जागा ठरल्यावर चासीला नवे टेकू जोडले. गिअरबॉक्सच्या दांड्याचे टोक ज्या बुशात बसते तो बुश लेथवर तीनदा कातला, कारण तिथे केसभर फरक राहिला तरी क्लच महिन्यात जातो. जुनी वीज सहा व्होल्टची. तिच्याने डिझेलचा स्टार्टर हलेना, म्हणून बॅटरीपासून दिव्यांपर्यंत सगळे बारा व्होल्टचे केले. नव्या इंजिनाच्या वजनाने जीपने नाक खाली घातले, तेव्हा पुढच्या कमानपाट्यांत एकेक पान वाढवले. हवेचा फिल्टर मात्र मिस्त्रींनी हट्टाने उंच, काचेजवळ नेला. डिझेलला ठिणगीची भीती नाही हे खरे, पण हवेच्या वाटेने पाणी आत गेले तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉडच वाकतो. डिझेल पाण्याला भीत नाही असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी हे ध्यानात ठेवावे. एवढे करून इंजिनाचा नवा नंबर आर.टी.ओ.च्या परवानगीने पुस्तकात चढवायचा असतो. त्यासाठी काकांनी साताऱ्याला तीन खेपा घातल्या.

जीप घरी आली. पहिल्याच दिवशी काका एका रोग्याच्या दारात उतरले, किल्ली खिशात घातली, आणि मागे जीप आपली धडधडतेच आहे! ठिणगीच नसल्यावर किल्ली काय तोडणार? डिझेलचा पुरवठा बंद करणारी दांडी ओढावी लागते, हे काका विसरले होते. पहिल्या सरीला वायपर चालेना. तो इंजिनाच्या ओढीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर चालणारा, आणि डिझेलला तशी ओढ नसते. पावसासाठी एवढा खटाटोप केलेल्या गाडीची काच काकूंना हात बाहेर काढून पुसावी लागली. नंतर विजेचा वायपर बसवला म्हणा.

आणि ते पंचवीस आकडे. गार इंजिनात फवारा पेटत नाही, म्हणून आधी हीटर प्लग तापू द्यायचे. आम्ही मुले मोठ्याने मोजत असू. चोविसाला सगळे गप्प, पंचविसाला दाणकन आवाज. तो आवाज दोन वळणे आधी वाडीवर पोचे आणि बायका कंदील घेऊन दारात येत. त्या ओढ्यातून जीप पुढे कितीदा गेली याची मोजदाद नाही. काका मात्र पाण्यात शिरताना बोलत नसत, आणि पलीकडे गेल्यावर एकदा मागे बघत.

काका २००९ साली गेले. जीप आहे, दर पाच वर्षांनी तिचे पासिंग होते. जुने पेट्रोल इंजिन मात्र पडवीत गोणपाटाखाली तसेच पडून होते. आता काळ उलटला आहे. जुन्या जीपचे शौकीन तिच्यात मूळ इंजिन परत घालण्यासाठी ते शोधत हिंडतात. दोन वर्षांमागे पुण्याहून एक तरुण आला. जीप आणि इंजिन, दोन्ही द्या म्हणाला. मूळ रूपात आणतो, चांगली किंमत देतो.

काकूंनी त्याला चहा दिला. म्हणाल्या, "इंजिन घेऊन जा, बाळा. जीप नको."

चार माणसांनी ते उचलून टेम्पोत चढवले. पडवीच्या फरशीवर तेलाचा काळा चौकोन राहिला होता. काकूंनी तो सोड्याने दोनदा घासला, निघाला नाही. मग त्यावर त्यांनी पाटा-वरवंटा आणून ठेवला.