दसऱ्याची पूजा आणि बंदुकीचा गंज

दसऱ्याच्या दिवशी ग्वाल्हेर, इंदूर, बडोद्याकडील पुष्कळ जुन्या मराठी घरांतून पाटावर शस्त्रे मांडली जातात. तलवार, कट्यार, आणि ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांच्या पाटावर आजोबा-पणजोबांची बंदूक. हळदीकुंकू वाहावे, झेंडूची माळ घालावी, घरातील लहानथोरांनी हात लावून नमस्कार करावा आणि सोने लुटून परतल्यावर सारे पुन्हा गवसणीत घालून कपाटात ठेवावे, ते थेट पुढल्या दसऱ्यापर्यंत! आमच्या घरीही वर्षानुवर्षे असेच चालत आले. आजोबांची दुनळी बंदूक गंजली ती पावसाळ्याने, असे आम्ही समजत होतो. खरे कारण फार उशिरा कळले.

शस्त्रदुरुस्तीचा परवाना असलेल्या एका वृद्ध कारागिराने ती उजेडात धरून दाखविली. नळीच्या मधोमध पाच लहान-मोठे तांबूस डाग होते, बोटांच्या ठशांसारखे. घोड्याजवळ एक वाटोळा डाग होता. तेथे दरवर्षी कुंकवाचे बोट लागत असे. "पूजा केलीत, पण पुसली नाहीत," एवढेच तो म्हणाला. पाच डागांपैकी एक अगदीच चिमुकला आहे. तो बहुधा माझ्या लहानपणचा असावा.

लोखंड गंजण्यास पाणी व हवेतील प्राणवायू ही दोन्ही लागतात, आणि क्षार मिळाले की ते काम कितीतरी झपाट्याने होते. हाताच्या घामात मीठ असते. ओले कुंकू, फुलांचा रस, तीर्थाचा शिंतोडा, सारेच ओलावा धरून ठेवणारे. हवेतील आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की उघड्या पोलादाला धोका वाढतो, आणि आषाढ ते भाद्रपद ती आपल्याकडे बहुधा त्याहून जास्तच असते. गोव्यात समुद्राच्या खाऱ्या हवेची त्यात भर पडते. ग्वाल्हेरची तऱ्हा आणखी निराळी. पौष-माघात गारठलेल्या खोलीतून बंदूक उबदार दिवाणखान्यात आणली, की थंड ताकाच्या पेल्यावर यावे तसे तिच्यावर दव धरते.

पूजा सोडावी असे कोण म्हणेल? कुंकू शेजारच्या सुपारीला लावावे, फुले पाटावर वाहावीत, आणि त्याच संध्याकाळी, गवसणीत घालण्यापूर्वी, कोरड्या सुती कापडाने बंदूक नखशिखांत पुसून तेलाचा बोट फिरवावा. मुळात ती गवसणीत घालूच नये. कातडे कमावताना वापरलेली आम्ले व क्षार त्यात राहतात, आणि आतले लाल बनातीचे अस्तर दमटपणा शोषून नळीला बिलगून बसते. गवसणी प्रवासासाठी, वस्तीसाठी नव्हे. कुलपाच्या पोलादी कपाटात, भिंतीला न टेकवता, बंदूक मोकळी उभी करावी. शक्य तर नळीचे तोंड खाली करावे, म्हणजे तेल ओघळून दस्त्याच्या लाकडात मुरत नाही व लाकूड भुसभुशीत होत नाही. पूर्वी काही जण कपाटात मंद दिवा जळता ठेवीत. हल्लीच्या एलईडी दिव्यांना तेवढी ऊब नसते, तेव्हा सिलिका जेलची पुरचुंडी बरी. निळ्या खड्यांची असेल तर ते गुलाबी झाले की पुन्हा तापवून वाळवावेत.

तेलाविषयी आपल्या घरांत मोठा गैरसमज आहे. खोबरेल किंवा तिळाचे तेल कालांतराने चिकट होते, धूळ धरते आणि चापाच्या यंत्रात राळेसारखे घट्ट बसते. जवसाचे तेल लाकडाला उत्तम, पोलादाला मुळीच नको. शिवणयंत्राचे साधे खनिज तेल चालते, तेही पातळ थरानेच. निथळेपर्यंत तेल पाजण्यात शहाणपण नाही.

याहून मोठा अपराध स्वयंपाकघरातून होतो. तांब्याची भांडी चिंचेने उजळतात, म्हणून बंदुकीची नळीही चिंच-राखुंडीने घासून लख्ख करणारी घरे मी पाहिली आहेत! पुष्कळ जुन्या नळ्यांवरील तपकिरी अथवा निळसर-काळी झिलई हा मुद्दाम चढविलेला गंजच असतो. कारागीर नळीवर पातळ गंज धरवितो, तो खरवडतो, पुन्हा धरवितो; पाण्यात उकळला की तांबडा गंज काळा होतो व घट्ट बसतो. तेल धरून ठेवणारे कवचच ते. ते घासून काढले की पोलाद उघडे पडते, आणि वर सोन्याची कोफ्तगिरी असेल तर तीही जाते. वरवरच्या तांबड्या गंजासाठी तेलात भिजवलेला फडका व पुष्कळ धीर पुरे.

या सगळ्याआधीची एक गोष्ट मात्र विसरू नये. ठासणीची जुनी बंदूक भरलेली असू शकते. पणजोबांनी ठासलेला बार आजही उडू शकतो. नळीचे तोंड माणसांकडे न करता गज अलगद आत सोडावा, मग तोच बाहेरून नळीशेजारी धरून पाहावा. कानापर्यंत तो पोहोचत नसेल तर आत काहीतरी आहे. अशा वेळी स्वतः उपद्व्याप न करता परवानाधारक कारागिराला अथवा पोलिसांना कळवावे.

ठासणीच्या बंदुकीत दारूचे कीट राहिले असेल तर नुसत्या तेलाने भागत नाही. ते हवेतील ओलावा ओढते आणि तेलाखाली नळी खात राहते. जुन्या टोप्यांतील क्षारही मिठासारखाच. कारागिराने नळी दस्त्यापासून सोडवून गरम पाण्याने धुवावी, पूर्ण वाळवावी, मगच तेल द्यावे.

निवडणुकीच्या दिवसांत परवान्याच्या बंदुका पुष्कळदा पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. आमची दुनळी एकदा अशीच गेली आणि कित्येक आठवड्यांनी दमट कोठडीतून, गोणपाटात गुंडाळलेली परत आली. तेव्हापासून जमा करताना आम्ही तेलाचा हात जरा सढळ ठेवतो, पावतीवर तिची स्थिती लिहवून घेतो, आणि परत आली त्या रात्री जेवणाआधी ती पुसायला बसतो.